उतरण्याचा सराव

गेल्या वर्षी आठ थरांना हात घातलेल्या दहीहंडी पथकाने यंदा गुरुपौर्णिमेला नारळ फोडला आणि चार थर लावून सगळे घरी गेले. पुढचे कित्येक दिवस चारच. परळच्या चाळीचं पटांगण, वेळ रात्री साडेनऊनंतरची, कारण त्याआधी पोरं सुटत नाहीत. कुणी कुरिअरच्या गाडीवर, कुणी बँकेत, कुणी मेडिकलच्या काउंटरला. गॅलरीत जेवणं उरकून माणसं उभी असतात आणि फुकटचे सल्ले खाली टाकत असतात. 'चार थर तर बायकाही लावतात रे!' हा त्यातला आवडता. लावतातच. मुंबईतली महिला पथकं सहा थरही लावतात, तेव्हा टोमणा मारणाऱ्याने आधी एकदा पायाला उभं राहून दाखवावं.

पथकाचे प्रशिक्षक पन्नाशीतले. सगळे त्यांना दादा म्हणतात. ऐन उमेदीत ते पायाला असायचे, म्हणजे सगळ्यात खालच्या थरात, जिथून हंडी दिसतच नाही. त्यांच्या बोलण्यात उंचीचा विषय क्वचित येतो.

गेल्या वर्षी ठाण्याच्या एका मोठ्या हंडीसमोर सात उभे होते, आठवा चढत होता, आणि तिसऱ्या थरातल्या एकाचा गुडघा वाकला. सगळं खाली आलं. एकाचं गळपट्टीचं हाड मोडलं, एकाचं मनगट. दिवाळीपर्यंत निम्मं पथक पांगलं. काही जणांना दुसऱ्या पथकांनी बोलावून घेतलं, काहींच्या घरून बंदी आली. राहिलेल्यांनी तिसऱ्या थरातल्या त्या पोराला गुन्हेगार ठरवलं.

दादांनी त्या पडण्याचे मिळतील तेवढे मोबाइलवरचे व्हिडिओ गोळा केले आणि पुन्हा पुन्हा पाहिले. गुडघा वाकण्याच्या क्षणभर आधी पायाच्या कड्यातली दोन डोकी वर झालेली दिसत होती. हंडी किती उरली ते बघायला. मान वर गेली की खांदा मागे जातो, खांद्यावरचा पाय सरकतो, आणि ती सरक वर जाताना वाढत जाते. तिसऱ्या थरापर्यंत पोचली तेव्हा ती एका गुडघ्याच्या आवाक्याबाहेर गेली होती. दादांनी व्हिडिओ सगळ्यांना बसवून एकदाच दाखवला, डोकी वर करणाऱ्यांची नावं घेतली नाहीत, आणि ग्रुपवर तो परत कुणी टाकायचा नाही असं बजावलं. मला त्यांची ही युक्ती फार आवडली. चूक कळली, पण चघळायला कुणाच्या हाती लागली नाही.

थर कसा लागतो हे टीव्हीवर दिसत नाही, तिथे कॅमेरा वरच्या पोरावर असतो. पायाची माणसं एकमेकांच्या खांद्यांवर हात गुंफून, माना खाली घालून कडं करतात. त्यांच्याभोवती बाकीचं पथक पाठींना तळहात लावून आत रेटतं. दुसरा थर खांद्यांवर चढतो, पण उभा राहत नाही, बसून राहतो. तिसरा त्यांच्यावर बसतो. वरची माणसं जागेवर आली की खालून एकेक थर उठतो. वरचे थर एकेका माणसाचे, ते एक्के. चढणारा पोटरी, मांडी, कमर, खांदा अशा पायऱ्या घेतो, आणि पायरी झालेल्याने हूं की चूं करायचं नसतं.

हे सगळं या पोरांना येत होतं. दादांनी हात घातला तो दुसऱ्या अर्ध्याला. 'चढायला तुम्हाला कुणीही शिकवेल. उतरायला कोण शिकवतो?' म्हणून सुरुवातीचे कित्येक दिवस उतरण्याचाच सराव. वरच्या एक्क्याने आधी बसायचं, खालच्याच्या पाठीला पोट चिकटवून घसरत यायचं, पाय खांद्यावरून कमरेवर, कमरेवरून मांडीवर, उडी कुठेच नाही. तो खाली पोचेपर्यंत पुढच्याने हलायचं नाही. अवघड जागा इथेच असते. अंगावरचा भार कमी झाला की माणसाला सुटल्यासारखं वाटतं, तो खांदे सैल सोडतो, आणि अजून वर असलेल्यांचा तोल जातो. दादा कड्याभोवती फिरत एकच ओरडत राहायचे, 'वजन गेलं तरी घट्ट! अजून घट्ट!' शेवटचा माणूस जमिनीला लागला की शिट्टी. शिट्टीआधी ज्याने हात सोडला, त्याच्यामुळे अख्खा थर पुन्हा लावायचा. लोक कंटाळले. एक-दोन जण त्या कंटाळ्यापायीही सोडून गेले आणि दादांनी त्यांना अडवलं नाही.

तिसऱ्या थरातला तो पोरगा मात्र गेला नाही. तो पाया मागत होता, तिथे त्याला कुणी पाहिलं नसतं. दादांनी त्याला तिसऱ्यावरच ठेवलं. हिशेब साधा होता. चार थरांत तिसऱ्याच्या डोक्यावर एकच थर येतो, पाचात दोन, सहात तीन. भार हळूहळू वाढत गेला आणि त्याच्या गुडघ्याला पट्टी असली तरी मनातली भीती त्याच हिशेबाने उतरत गेली. ज्याला लपायचं होतं त्याला लपू दिलं असतं तर तो पथकात राहिला असता, पण पथकाला तिसरा थर परत मिळाला नसता.

दादांच्या खिशात एक वही असते. त्यात थरांची नोंद नाही. कोण उशिरा आला, कुणाचं पोट रिकामं होतं, कुणाचा खांदा दुखतोय, एवढंच. दुखणाऱ्याला त्या रात्री रेटणाऱ्यांत पाठवायचं, वर नाही. दारू प्यालेला दिसला तर पटांगणाबाहेर. ज्यांच्या घरून बंदी होती त्यांच्या आयांना ते स्वतः जाऊन भेटले. वरच्या पोराचा जन्मदाखला बघितल्याशिवाय त्याला हात लावला नाही, कारण २०१७ पासून चौदाच्या खालचं पोर चढवता येत नाही. नियम आहे म्हणून सगळे पाळतात असं नाही. २०२५ मध्ये गोपाळकाल्याच्या काही दिवस आधी सरावात पडून अकरा वर्षांचा एक मुलगा दगावला, तो या मुंबईतच.

पाच आले, सहा आले. एका रात्री सात लावताना पाचवा थर थरथरला. दादांनी सहाव्याला चढूच दिलं नाही, 'उतरा' म्हणाले. गॅलरीतून हुर्यो झाली. पथक मात्र एकेक करत, माना खाली, खांदे घट्ट, शिट्टीपर्यंत उतरलं. ओरखडासुद्धा नाही. त्या रात्रीनंतर पोरांच्या वागण्यातला फरक मला स्पष्ट दिसला. अर्ध्यातून परत येता येतं हे कळल्यावर पुढे जायची धास्ती कमी झाली. दोन दिवसांनी सात लागले आणि उतरले.

गोपाळकाल्याला त्यांनी सात थरांची सलामी दिली. स्टेजवरून माइक ओरडत होता, 'आठ लावा, आठ!' दादांनी तिकडे पाहिलंही नाही. जयजवान पथकाने २०१२ मध्ये नऊ थरांचा ४३.७९ फुटांचा विक्रम केला, २०२५ मध्ये ठाण्यात दहा थर लागले, तेव्हा सातांचं कौतुक आता कोण करणार! बक्षीसही त्या मानाने बेताचंच मिळालं. पण त्या संध्याकाळी पथकातला एकही माणूस इस्पितळात नव्हता, आणि पुढच्या वर्षी येणार नाही असं कुणीही म्हणालं नाही.

स्पेनमधल्या कातालोनियात असेच मानवी मनोरे रचतात. तिथल्या स्पर्धांत नुसता रचलेला मनोरा आणि रचून सुखरूप उतरवलेला मनोरा यांचे गुण वेगळे असतात, उतरवलेल्याला जास्त. आपल्याकडे २०२२ मध्ये दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा जाहीर झाला, पण मी पाहिलेल्या बहुतेक हंड्यांवर बक्षिसाची घोषणा सलामीच्या क्षणीच होते, वरचा पोरगा अजून हवेत असताना. आयोजकांना एवढंच सांगणं आहे की लाखांची रक्कम तुम्ही देताच आहात, तर ती शेवटच्या गोविंदाचे पाय जमिनीला लागल्यावर जाहीर करा.