नोकरीची मुदत आणि खेळाचे वय

अमेरिकेत अ‍ॅनापोलिस येथील नाविक अकादमीत ज्याला प्रवेश मिळतो, त्याच्या शिक्षणाचा सारा भार सरकार उचलते, दरमहा वेतनही देते, आणि त्याच्या मोबदल्यात पदवीनंतर किमान पाच वर्षे प्रत्यक्ष सेवेचा करार करून घेते. तिसरे वर्ष सुरू होण्यापूर्वी कोणतेही देणे न लागता बाहेर पडण्याची मुभा असते. त्यानंतर मात्र बंधन लागू होते. व्यवहार सरळ आहे. परंतु ज्या वयात खेळाडूचे शरीर ऐन भरात असते, नेमके तेच वय या करारात सरकारजमा होते.

याच अकादमीतील रॉजर स्टॉबाकने १९६३ साली महाविद्यालयीन अमेरिकन फुटबॉलमधील सर्वोच्च मानाची हाइझमन ट्रॉफी मिळविली, तरी पदवीनंतर त्याने त्या काळच्या नियमाप्रमाणे आपली चार वर्षांची सेवा पुरी केली, त्यांतील एक वर्ष व्हिएतनाममध्ये काढले, आणि १९६९ मध्ये, सत्ताविसाव्या वर्षी, तो डॅलस काउबॉइज या व्यावसायिक संघात रुजू झाला.

बास्केटबॉलपटू डेव्हिड रॉबिन्सनची हकीकत अधिक विचार करावयास लावणारी आहे. अकादमीत आल्यावर त्याची उंची वाढतच गेली आणि सात फुटांच्या घरात पोहोचली. दुसऱ्या वर्षाअखेर तो निर्वेधपणे निघून जाऊ शकला असता. तो गेला नाही, आणि माझ्या मते त्याच्या चरित्रातील सर्वांत मोठा निर्णय हाच होय. १९८७ साली गणिताची पदवी घेऊन तो बाहेर पडला, तेव्हा व्यावसायिक बास्केटबॉलच्या वार्षिक निवडीत सॅन अँटोनियो स्पर्सने त्याला पहिल्या क्रमांकावर निवडले. एवढ्या उंचीच्या अधिकाऱ्याला युद्धनौकेवर वा पाणबुडीत नेमणे अशक्य आहे, हे ध्यानी घेऊन नौदलमंत्री जॉन लेहमन यांनी त्याला दोन वर्षांच्या प्रत्यक्ष सेवेनंतर राखीव दलात जाण्याची सवलत दिली. ती दोन वर्षे त्याने जॉर्जियातील किंग्ज बे तळावर स्थापत्य खात्यात काढली. तोवर संघाने वाट पाहिली. १९८८-८९ च्या हंगामात अवघे २१ सामने जिंकणाऱ्या या संघाने तो आल्यावर पुढील हंगामात ५६ जिंकले.

सरकारने कर्जमाफी न करता परतफेडीची रीत बदलावी, हे मला न्याय्य वाटते. मात्र ती रीत विद्यार्थ्याला करारावर सही करतानाच ठाऊक असली पाहिजे. प्रत्यक्षात हुकुमावर हुकूम निघाले. पदवीनंतर लगेच व्यावसायिक खेळाकडे वळण्याची २०१६ मध्ये मिळालेली सवलत २०१७ मध्ये रद्द झाली, २०१९ मध्ये ती निराळ्या स्वरूपात परत आली, आणि २०२१ मध्ये नौदलाने एका पदवीधर खेळाडूचा अर्ज फेटाळल्यावर काही आठवड्यांतच संरक्षणमंत्र्यांनी तो निर्णय फिरविला. कर्ता तरुण अशा वेळी आपल्या आयुष्याची आखणी कशाच्या भरवशावर करणार?