पीटीओ अडला की प्लेटच गेली?

रोटाव्हेटर चालता चालता दमला, किंवा पायडल दाबूनही अवजाराला ताकद देणारा मागचा पीटीओ शाफ्ट फिरतच राहिला, की आपल्याकडे निदान ठरलेलं असतं: ‘क्लच प्लेट गेली, ट्रॅक्टर खोलावा लागेल.’ खोलायचा म्हणजे इंजिन एकीकडे आणि गिअरबॉक्स दुसरीकडे, ट्रॅक्टरचे सरळ दोन भाग. मजुरी, सामान आणि ऐन हंगामात गाडी गॅरेजला. एवढं करून दुखणं तसंच राहिल्याची उदाहरणंही गावोगाव सापडतील. प्लेट झिजते हे खरं, पण ती शेवटी तपासायची गोष्ट आहे, आणि आपण सुरुवातच तिच्यापासून करतो.

सगळ्या ट्रॅक्टरांत पीटीओचा क्लच सारखाच असतो, हा पहिला घोळ. सिंगल क्लचच्या जुन्या ट्रॅक्टरात पीटीओला वेगळा क्लचच नाही. पायडल दाबलं की चाकंही सुटतात आणि पीटीओही. डबल क्लचमध्ये फ्लायव्हीलवर दोन प्लेटा असतात. पायडल अर्धं दाबलं की ट्रॅक्टर थांबतो, पूर्ण दाबलं की पीटीओ थांबतो. काही मॉडेलांत पीटीओच्या प्लेटसाठी हाताचा स्वतंत्र लिव्हर असतो, तर काहींत तेलात बुडालेल्या अनेक प्लेटांचा क्लच. आपल्या ट्रॅक्टरात यातलं काय आहे हे माहीत नसताना केलेलं निदान म्हणजे अंदाजपंचे दाहोदर्से.

सिंगल क्लचच्या ट्रॅक्टरला मागे स्लॅशर किंवा मल्चर लावला, की एक तक्रार हमखास येते: ‘क्लच दाबला तरी ट्रॅक्टर पुढं ढकलला जातो, म्हणजे क्लच सुटत नाही.’ क्लच बरोबर सुटलेला असतो. इंजिनापासून संबंध तुटतो, पण मल्चरचा जड रोटर आपल्या वेगानं फिरतच राहतो आणि पीटीओमार्गे उलटा गिअरबॉक्सला, तिथून चाकांना ढकलतो. बांधाजवळ हे जिवावर बेतू शकतं. त्यावर उपाय नवी प्लेट नव्हे. पीटीओ शाफ्टवर एकाच दिशेनं जोर देणारी ओव्हररनिंग कपलिंग बसवायची. सायकलच्या फ्रीव्हीलचंच हे तत्त्व.

‘रोटाव्हेटर अडतो, म्हणजे प्लेट घसरते’ हा सर्वांत महागात पडणारा गैरसमज. खरं-खोटं शेतातच कळतं. हॅन्ड थ्रॉटल लावून इंजिन पीटीओच्या ठरलेल्या वेगावर आणा. मीटरवर 540 ची खूण असते. रोटाव्हेटर जमिनीत उतरवा आणि कान इंजिनाकडे ठेवा. इंजिनाचा आवाज दबला, धूर काळा झाला आणि वेगाचा काटा खाली आला, तर क्लचनं पकड सोडलेली नाही. ताकद पुरती पोचते आहे, ओझंच झेपत नाही. 35 एचपीच्या जुन्या ट्रॅक्टरला सहा फुटी रोटाव्हेटर, झिजलेली पाती, तुंबलेला एअर फिल्टर किंवा डिझेल फिल्टर, यांतलं काहीतरी असणार. पीटीओवर मिळणारी ताकद इंजिनाच्या एचपीपेक्षा कमीच असते, हेही खरेदीच्या वेळी फारसं कुणी विचारत नाही. याउलट इंजिन मजेत त्याच वेगानं चालतंय, रोटाव्हेटर मात्र मंदावतोय आणि करपट वास येतोय, तर घसरण नक्की. पण तेव्हाही आधी अवजार पाहा. कित्येक रोटाव्हेटरांत किंवा त्यांच्या शाफ्टवर स्वतःचा स्लिप क्लच असतो आणि घसरत असतो तो. काहींत त्याऐवजी शिअर बोल्ट असतो. तो सारखा तुटतो म्हणून त्याजागी कडक पोलादी बोल्ट ठोकणारे महाभाग आहेत. मग दगडाचा दणका थेट ट्रॅक्टरच्या गिअरपर्यंत जातो.

घसरण क्लचचीच निघाली, तरी पहिला पाना लावायचा तो पायडलच्या दांडीला. पायडलला वर थोडी मोकळीक लागते, मॉडेलनुसार साधारण 20 ते 30 मिलिमीटर. ‘पायडल ढिलं म्हणजे क्लच ढिला’ असं समजून कुणीतरी नट आवळून ही मोकळीक शून्यावर आणतं. मग रिलीज बेअरिंग क्लचच्या फिंगरांना सतत टेकून राहतं, प्लेटवरचा दाब कमी होतो आणि चांगली प्लेट घसरून जळते. पायडलवर पाय ठेवून बसण्याच्या सवयीचाही परिणाम हाच. उलट मोकळीक जास्त झाली, तर पायडल तळाला टेकलं तरी पीटीओची प्लेट सुटत नाही, कारण डबल क्लचमध्ये ती शेवटच्या टप्प्यात सुटते. पीटीओ घालताना दात करकरतात, त्याचं कारणही बऱ्याचदा एवढंच असतं, की चालकानं पायडल अर्धंच दाबलेलं असतं. पूर्ण दाबा, दोन-चार सेकंद थांबा, इंजिन मंद ठेवा, मग लिव्हर ओढा.

प्लेट सुटते की नाही हे ट्रॅक्टर न खोलता पाहता येतं. इंजिन बंद, किल्ली खिशात, ब्रेक लावलेला, गिअर न्यूट्रलला, अवजार काढलेलं, पीटीओचा लिव्हर घातलेला. एकानं पायडल सांभाळायचं, दुसऱ्यानं मागचा शाफ्ट हातानं फिरवून पाहायचा. पायडल मोकळं असताना शाफ्ट इंजिनाशी जखडलेला लागतो. डबल क्लचमध्ये अर्ध्या पायडललाही तो जखडलेलाच राहायला हवा आणि पूर्ण दाबल्यावर हातानं फिरायला हवा. गिअर ऑइलमुळे थोडा जड फिरतो, ते चालतं. पूर्ण दाबूनही हलत नसेल, तर सेटिंग चुकलंय किंवा प्लेट गंजून चिकटलीय. चालू इंजिनावर हा प्रयोग चुकूनही करू नका. मिनिटाला 540 म्हणजे सेकंदाला नऊ फेरे. धोतराचा सोगा किंवा साडीचा पदर सोडवायला वेळच मिळत नाही.

चिकटण्यावरून चिखलणीचा विषय निघतो. मावळात, कोकणात भातखाचरात उतरणाऱ्या ट्रॅक्टरच्या क्लच हाऊसिंगखाली एक भोक असतं. चिखलणीपुरता तिथं प्लग लावायचा आणि काम संपलं की काढायचा. प्लग लावला नाही, तर पाणी आत जातं. काढला नाही, तर आत गळलेलं तेल बाहेर न दिसता प्लेटपर्यंत साचतं. त्या भोकातून थेंब पडताना दिसले, तर ते इंजिनच्या मागच्या सीलचं तेल आहे की गिअरबॉक्सच्या पुढच्या सीलचं, ते आधी ठरवा. तेल प्यालेली प्लेट पेट्रोलनं धुवून बसवण्याचा सल्ला मिळेल; ऐकू नका. तेल अस्तरात मुरलेलं असतं आणि तापलं की पुन्हा वर येतं.

तेलात बुडालेल्या, म्हणजे ओल्या क्लचच्या ट्रॅक्टरात लिव्हर बंद असतानाही बिनओझ्याचा शाफ्ट थंड तेलामुळे हळूहळू फिरतो. तो बिघाड नव्हे. तिथं पातळी, फिल्टर आणि पुस्तिकेत सांगितलेलं तेलच पाहायचं.

मॅसीच्या जुन्या डबल क्लचमध्ये पायडल पूर्ण दाबलं की लिफ्टही थांबते आणि पंप गेल्याची बोंब होते. तिथं हायड्रॉलिक पंप पीटीओच्याच शाफ्टवर चालतो, त्यामुळे तसं होणारच. वळताना मागून येणारा खडखडाट तर बहुधा जोडशाफ्टच्या क्रॉसचा असतो, क्लचचा नव्हे.

सगळं पाहूनही खोलायची वेळ आलीच, तर एकटी पीटीओची प्लेट बदलून पैसे वाचवू नका. मजुरी तेवढीच लागणार आहे. दोन्ही प्लेटा, रिलीज बेअरिंग, पायलट बेअरिंग आणि सील एकदमच तपासून घ्या. फिंगरांची उंची मिस्त्री गेजनं लावतोय की नजरेनं, हे समोर उभं राहून पाहा. आणि पावसाळ्यात ट्रॅक्टर महिनाभर उभा राहणार असेल, तर पायडल पूर्ण दाबून लाकडाचा ठोकळा किंवा हूक लावून ठेवा, म्हणजे प्लेट फ्लायव्हीलला चिकटणार नाही.