थांबायला वीतभर जागा

उभ्या असलेल्या गाडीत बसून एक गंमत करून पाहा. सीट बेल्ट हळूहळू ओढा. कसा सरसर बाहेर येतो! आता त्याला एक हिसका द्या. खट्! बेल्ट जागच्या जागी अडकला. थोडा सैल सोडून पुन्हा हळू ओढा, की निमूट बाहेर यायला लागतो. हळू ओढलं की हिसका दिला, हे त्याला कळतं कसं?

बेल्ट गुंडाळलेला असतो एका रिळावर. रीळ एकदम वेगानं फिरलं, की त्यातला एक खटका बाहेरच्या बाजूला फेकला जातो आणि दातेरी कड्यात जाऊन बसतो. रीळ थांबतं, बेल्टही थांबतो. शेजारी एक छोटी पोलादी गोळीही असते. गाडीला करकचून ब्रेक लागला, की ती गोळी आपल्या खळग्यातून घरंगळते आणि दुसरा खटका उचलून रीळ अडवते. एवढ्या कामाला ना बॅटरी लागते, ना कॉम्प्युटर!

पण मुळात अडवायचं कशासाठी? याचं उत्तर न्यूटननं १६८७ सालीच लिहून ठेवलंय. चालती वस्तू कुणी अडवेपर्यंत चालतच राहते. गाडी ताशी ५० किलोमीटर वेगानं जात असेल, तर आत बसलेले तुम्हीही ताशी ५० किलोमीटर वेगानंच जात असता. गाडी भिंतीवर आदळून थांबली, तरी तुम्ही थांबत नाही. तुम्ही त्याच वेगानं पुढे जाता. हा वेग किती असतो ठाऊक आहे? दहा मीटर उंचीवरून, म्हणजे साधारण तिसऱ्या मजल्यावरून, पडलेल्या माणसाचा जमिनीजवळ येताना जेवढा वेग असतो, तेवढा!

आता क्रिकेट आठवा. जोरात आलेला झेल घेताना तुम्ही हात मागे नेता. हात ताठ ठेवले, तर तळवे झणझणतात. चेंडू तोच, वेग तोच. फरक एवढाच, की हात मागे नेल्यावर चेंडूला थांबायला जास्त जागा आणि जास्त वेळ मिळतो. गाडीतली सुरक्षा याच एका गोष्टीवर उभी आहे.

थोडं गणित करू. तुमचं वजन ३० किलो आहे असं समजा. ताशी ५० किलोमीटरचा वेग फक्त ५ सेंटिमीटरमध्ये शून्यावर आणायचा, तर अंगावर जवळजवळ ६ टन वजनाइतका जोर येतो. तोच वेग ५० सेंटिमीटरमध्ये उतरवला, तर जोर दहापट कमी होतो, म्हणजे साधारण ६०० किलो. हाही काही थोडा नाही, पण तो क्षणभरच असतो, आणि मजबूत हाडांवर विभागला गेला तर शरीर सहसा सोसतं.

हे ५० सेंटिमीटर आणायचे कुठून? पहिली मदत बॉनेटची. गाडीचा पुढचा भाग मुद्दाम असा बनवतात, की टक्कर झाली की तो चुरगळावा. ही युक्ती मर्सिडीज कंपनीतले इंजिनिअर बेला बरेन्यी यांची. पुढचा भाग चेपत जातो, तेवढ्या अंतरात गाडी थांबते. पण या अंतराचा फायदा कुणाला? जो गाडीला बांधलेला आहे त्याला! बेल्ट लावलेला माणूस गाडीबरोबरच मंदावू लागतो. बेल्ट न लावलेला मात्र मोकळाच पुढे जात राहतो, आणि तो डॅशबोर्डवर आदळतो तेव्हा गाडी जवळपास थांबलेली असते. चुरगळण्यातून मिळालेली सगळी जागा त्याच्यासाठी वाया जाते.

आपण आज वापरतो तो तीन ठिकाणी अडकवलेला बेल्ट स्वीडनच्या निल्स बोलिन यांनी तयार केला. त्याआधी ते विमानातून वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या आसनांवर काम करत. १९५९ साली व्हॉल्वोच्या गाड्यांमध्ये हा बेल्ट आला. त्याचा एक पट्टा कमरेच्या हाडावरून जातो, तर दुसरा खांद्यावरून छातीवर तिरका येतो. सगळा जोर हाडांवर, मऊ पोटावर नाही. आणि सगळ्यात छान गोष्ट म्हणजे व्हॉल्वोनं हा शोध स्वतःपुरता ठेवला नाही. इतर कंपन्यांनाही तो वापरू दिला.

आता एअरबॅग. १९५२ साली अमेरिकेतले जॉन हेट्रिक बायको आणि लहान मुलीसोबत गाडीतून जात होते. समोर अडथळा आला, गाडी चरात गेली. त्या क्षणी आईबाबा दोघांचेही हात आपोआप मुलीच्या पुढे आडवे झाले. हातांऐवजी तिथे एखादी उशी फुगली तर? हेट्रिक यांनी तसा आराखडा काढला आणि १९५३ साली त्याचं पेटंट मिळवलं. त्यात दाबून भरलेली हवा वापरायची होती, पण तिनं पिशवी पुरेशी झटपट फुगत नव्हती.

पुढे रसायनं मदतीला आली. टक्कर झाल्याचं सेन्सरला कळतं, ठिणगी पडते, गोळ्यांच्या रूपातलं रसायन पेटतं आणि त्यातून भसाभस वायू निघतो. सुरुवातीच्या एअरबॅगमध्ये हा वायू होता नायट्रोजन, म्हणजे आपल्या हवेत ७८ टक्के असतो तोच. टक्कर झाल्यापासून पिशवी पूर्ण फुगेपर्यंत सेकंदाचा साधारण विसावा भाग लागतो. तुमची पापणी एकदा लवते ना, त्याच्या आत! आणि पिशवीला मागे भोकं असतात. डोकं टेकलं की त्यातून वायू निसटतो, पिशवी बसत जाते आणि डोक्याला थांबायला वीतभर जागा मिळते.

पण एवढ्या वेगानं फुगणारी पिशवी अगदी जवळ बसलेल्याला इजाही करू शकते. म्हणून एअरबॅग ही बेल्टची जोडीदार आहे, बदली नाही. बेल्ट तुम्हाला तिच्यापासून योग्य अंतरावर धरून ठेवतो. म्हणूनच मुलांनी मागच्या सीटवर बसावं. उंची कमी असेल तर बेल्ट गळ्यावर आणि पोटावर येतो, त्यासाठी खाली बूस्टर सीट हवी. आणि बाळाला मांडीवर घेऊन पुढे बसणं तर नकोच. १० किलोच्या बाळाला अशा टकरीत धरून ठेवायला साधारण २०० किलोचा जोर लागतो. कितीही माया असली, तरी कुठल्याच आईबाबांच्या हातांत तो नसतो.

"मागे बसलोय, मला कशाला बेल्ट?" असं कुणी म्हणालं, तर त्यांना न्यूटन समजावून सांगा. मागचा मोकळा माणूस टकरीत पुढच्या सीटवर आदळतो आणि तिथे बसलेल्यालाही जखमी करतो. तुमचा बेल्ट तुमच्यापुढे बसलेल्या आईचंही रक्षण करतो. तेव्हा गाडी सुरू होण्याआधी सगळ्यांचे बेल्ट तपासायचं काम आजपासून तुमचं. आजोबांचासुद्धा!