तात्या विंचूला घाबरणारा लक्ष्या

1993 साली ‘ज्युरासिक पार्क’ने संगणकाच्या बळावर पडद्यावर डायनोसॉर चालवले. त्याच वर्षी महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ आला. त्याच्याजवळ होता एक बाहुला, त्याला हलवणारे हात आणि एक आवाज. तीस वर्षं उलटून गेली. तो चित्रपट आला तेव्हा जन्मलेलीही नव्हती ती मुलं आज त्यातला ‘ओम फट् स्वाहा’ हा मंत्र म्हणत एकमेकांच्या अंगावर धावून जातात. हे केवळ लहानपणच्या आठवणींच्या प्रेमापोटी होतं, असं मला वाटत नाही. या चित्रपटाच्या बांधणीतच काहीतरी पक्कं आहे.

मूळ कल्पना उसनी आहे, हे आधीच सांगून टाकू. टॉम हॉलंड यांच्या ‘चाइल्ड्स प्ले’मध्ये (1988) पोलिसांच्या गोळीने मरायला टेकलेला खुनी मंत्राने आपला जीव बाहुल्यात घालतो आणि पुन्हा माणूस होण्यासाठी एका लहान मुलाच्या मागे लागतो. ‘झपाटलेला’तला गुंड तात्या विंचूही हेच करतो. मृत्युंजय मंत्र त्याला बाबा चमत्कार या मांत्रिकाकडून मिळालेला असतो. पण मराठीत येताना कथेत एक बदल झाला, आणि माझ्या मते सगळं यश त्या बदलात आहे. मूळ चित्रपटात बाहुला एका पोराच्या हाती पडतो. इथे तो लक्ष्याच्या हाती पडतो. लक्ष्या वाढलेला आहे, भोळा आहे, आईच्या पदराला धरून आहे, आणि त्याला बोलक्या बाहुल्यांचं वेड आहे.

आता त्याची कोंडी पाहा. बाहुल्याला बोलतं करणं हीच ज्याची हौस, तो ‘हा बाहुला खरंच बोलतो’ असं सांगत गावभर फिरला, तर त्याच्यावर विश्वास कोण ठेवणार? त्याची कलाच त्याच्याविरुद्ध साक्ष देते. तात्या खून करतो आणि संशयाची सुई लक्ष्याकडे वळते. प्रेक्षकाला मात्र सगळं ठाऊक असतं. म्हणून आपण हसतो तेव्हाच जीव टांगणीला लागलेला असतो. कलाच उलटण्याचा हा पेच ‘चाइल्ड्स प्ले’ला सापडला नाही.

हा पेच पडद्यावर खरा वाटला, त्यामागे रामदास पाध्ये यांची कारागिरी आहे. त्यांचे वडील यशवंत पाध्ये यांनी अर्धवटराव हा बोलका बाहुला घराघरांत पोहोचवला आणि बाहुल्याला बोलतं करण्याची, म्हणजे शब्दभ्रमाची, कला महाराष्ट्रात रुजवली. शिक्षणाने मेकॅनिकल इंजिनिअर असलेल्या रामदासांनी तात्याचा बाहुला घडवला आणि चालवलाही. शब्दभ्रमाच्या बाहुल्याचा जबडा लाकडी झडपेसारखा उघडमीट करतो, नजर अनेकदा एका जागी खिळल्यासारखी वाटते. रंगमंचावर ही उणीव मानली जाते. इथे तीच खिळलेली नजर अंगावर काटा आणते. तो बाहुला सफाईने हलत नाही, पण तो खोलीत खरोखर असतो, त्याचं वजन जाणवतं, आणि समोरच्या नटाला त्याच्याकडे बघूनच काम करावं लागतं.

आवाज दिलीप प्रभावळकरांचा. दूरदर्शनवर चिमणराव झालेला, ‘हसवाफसवी’त एकाच प्रयोगात अनेक माणसं उभी करणारा हा नट इथे चेहऱ्यासह थोडाच वेळ दिसतो. पुढे सगळा कारभार घशातून. हसवण्यासाठी ते आवाज कुठेही चिरकवत नाहीत. त्यांचा तात्या पूर्ण गंभीर आहे, त्याला लक्ष्याचं शरीर हवंच आहे. 2006 साली ‘लगे रहो मुन्नाभाई’त गांधीजी साकारून याच नटाने राष्ट्रीय पुरस्कार मिळवला. एका गळ्याची ही दोन टोकं पाहिली की आपल्या रंगभूमीने माणसं कशी घडवली ते कळतं.

भीती आणि हसू एकाच पात्रात नांदणं आपल्याकडे नवं नाही. कोकणातल्या दशावतारात काळा संकासुर मुलांना घाबरवतो आणि मालवणीत बोलून मोठ्यांना हसवतो. खवीस, मुंजा, हडळ यांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या प्रेक्षकाला तात्याच्या साथीदाराचं कुबड्या खवीस हे नाव वेगळं समजावून सांगावं लागलं नाही. परक्या कथेला इथली माती लागली ती अशी.

1995 साली ‘खिलौना बना खलनायक’ या नावाने ‘झपाटलेला’ हिंदीतही गेला. 2013 साली ‘झपाटलेला 2’ त्रिमितीत आला. बाहुला परतला, पण लक्ष्या साकारणारे लक्ष्मीकांत बेर्डे नव्हते. 2004 च्या डिसेंबरमध्येच ते गेले होते. दुसऱ्या भागात तांत्रिक करामती वाढल्या, पण घाबरणारा माणूस हरवला, आणि त्याच्याबरोबर हसूही. बेर्डे यांच्या विनोदाची चर्चा नेहमी त्यांच्या शब्दफेकीवर थांबते, हा त्यांच्यावर अन्याय आहे. ‘झपाटलेला’त त्यांचं उत्तम काम शब्दांवाचून आहे. निर्जीव बाहुल्याकडे पाहून घाम फुटणं, आवाज न फुटणं, हे सगळं ते कुठलाही आव न आणता करतात. यापुढे ‘झपाटलेला’ लावाल तेव्हा तात्यावरून नजर काढा आणि लक्ष्याच्या चेहऱ्याकडे बघा.