नोकरी गेली, हुन्नर शाबूत आहे

घरातल्या कमावत्या माणसाची नोकरी गेली की साऱ्या घराचा जीव टांगणीला लागतो. अब्बा गप्प होतात, अम्मी खर्चाची वही काढून बसते. अशा घरांना आम्ही एवढेच सांगू, की नोकरी गेली तरी हातातला हुन्नर जात नाही. हिशेब, भाषांतर, डिझाइन, शिकवणी ही कामे फ्रीलान्स म्हणूनही करता येतात.

पहिले काम बहुधा ओळखीतून येते. म्हणून नोकरी गेल्याचे लपवू नका. दर ठरवताना जुन्या पगाराला नुसते ३० ने भागू नका. आता सुट्टी, आजारपण, वीजबिल सारे आपल्याच खिशातून जाणार, आणि काही दिवस काम शोधण्यातच जाणार.

खरी अडचण येते ती पैसे वसूल करताना. सूरह बकराची २८२ वी आयत उधारीचा व्यवहार लिहून ठेवायला सांगते. मग काम 'आपल्याच माणसाचे' असले तरी दर, मुदत आणि आगाऊ रक्कम लिहूनच घ्यावी. 'उद्यम' नोंदणी ऑनलाइन व मोफत होते. नोंदणी असलेल्या लघुउद्योजकाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत, उशीर झाल्यास व्याज द्यावे, असे २००६ चा एमएसएमई कायदा सांगतो.

घरच्यांनीही एक करावे. लॅपटॉपसमोर बसलेल्या मुलाला किंवा सुनेला रिकामे समजून दर तासाला बाजारात पाठवू नये. तेही कामावरच आहेत.