फ्रॉक नको, पत्र लिहा

अमेरिकेतल्या अनेक प्रॉटेस्टंट चर्चमध्ये वर्षातल्या एखाद्या रविवारी, उपासना संपली की बाहेरच्या दालनात कॉफीशेजारी एक टेबल मांडलं जातं. त्यावर जाड कागदाची पाकिटं ओळीने लावलेली असतात. प्रत्येक पाकिटावर एका मुलाचा फोटो, नाव, वय आणि देश. युगांडा, होंडुरास, फिलिपिन्स, इथिओपिया. टेबलामागे बसलेली बाई हे काम चालवणाऱ्या संस्थेची पगारी नोकर नसते. आठवडाभर ती आपलं घर, नोकरी, नातवंडं सांभाळते. आवडीने केक-कुकीज भाजते, मशीनवर काहीबाही शिवते आणि उरलेल्या वेळात हे काम करते. एक पाकीट म्हणजे एक मूल; पाकीट नेणारा त्या मुलाचा स्पॉन्सर होतो, म्हणजे दरमहा त्याच्या खर्चासाठी पैसे देतो. ते पाकीट ठरावीक मुदतीपर्यंत त्या टेबलासाठी राखून ठेवलेलं असतं, म्हणून न गेलेली पाकिटं वेळेवर परत पाठवावी लागतात. नाहीतर ते मूल उगाच अडकून पडतं आणि दुसरीकडे कुणाच्या नजरेस पडत नाही.

हे टेबल ‘कंपॅशन इंटरनॅशनल’ या ख्रिस्ती संस्थेचं. मुख्यालय कोलोरॅडो स्प्रिंग्ज इथे. वीस लाखांहून अधिक मुलं तिच्या यादीवर आहेत आणि सगळं काम स्थानिक चर्चच्या केंद्रांमार्फत चालतं. स्पॉन्सर महिन्याला चाळीसेक डॉलर देतो. त्यातून केंद्रातलं जेवण, आरोग्य तपासणी, शाळेच्या खर्चाला मदत, अभ्यासवर्ग आणि बायबलचं शिक्षण होतं. आपल्याकडच्या दत्तक पालक योजना ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना ही कल्पना नवखी वाटणार नाही. मला यात कुतूहल आहे ते टेबलामागच्या बाईचं. तिच्या हातची कला त्या मुलापर्यंत नेमकी कुठल्या वाटेने पोचते आणि कुठे अडते, हे नीट पाहिलं की हा सगळा व्यवहार कळतो.

आधी ओव्हन. चर्चच्या हॉलमध्ये भरणारी ‘बेक सेल’ ही निधी जमवण्याची जुनी, खात्रीची रीत. बनाना ब्रेड, ब्राउनीज, दालचिनीचे रोल, ओटमील कुकीज असे बाहेर टिकणारे पदार्थ आणायचे. क्रीमचा, फ्रिजमध्ये ठेवावा लागणारा माल सहसा टाळायचा. डझनभर कुकीजचे दहा डॉलर धरले तर चार डझनांत एका मुलाचा महिना निघतो, लोणी-साखरेचा खर्च वेगळा. म्हणजे ज्या बाईच्या हाती स्वतःचा पगार नाही, तिलाही घरच्या भट्टीच्या जोरावर एका मुलाची जबाबदारी पेलता येते. आपल्याकडे मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये हंगामाच्या सणाला घरून आणलेल्या जिनसांचा लिलाव होतो, त्याच घराण्यातली ही गोष्ट. एकोणिसाव्या शतकात अमेरिकन बायका मिशनकार्यासाठी घरात पुठ्ठ्याची छोटी पेटी ठेवत आणि तिच्यात नाणी टाकत. शेतकरी घरांत रविवारी कोंबड्यांनी दिलेली अंडी विकून तो पैसा त्याच कामाला देण्याची चाल होती.

तशाच चिल्लरीचा एक ओघ थेट महाराष्ट्रात आला आहे. पंडिता रमाबाई 1886 साली आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी फिलाडेल्फियाला गेल्या आणि मग अमेरिकाभर व्याख्यानं देत फिरल्या. डिसेंबर 1887 मध्ये बोस्टनला ‘अमेरिकन रमाबाई असोसिएशन’ स्थापन झाली. गावोगावी ‘रमाबाई सर्कल’ निघाली. सभासदाने वर्षाला निदान एक डॉलर, तोही दहा वर्षं द्यायचा, असा वायदा होता. त्या पैशावर 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन उघडलं. अमेरिकेतल्या बायका आपली मंडळं कशी बांधतात आणि चालवतात, याचं रमाबाईंना मोठं अप्रूप होतं. आपल्या मराठी प्रवासवर्णनात त्यांनी त्याबद्दल सविस्तर लिहिलं आहे. मात्र सर्कलमधली बाई पैसे देत होती ते एका संस्थेला. तिच्या हाती एका ठरावीक मुलीचा फोटो नव्हता.

कंपॅशनच्या पाकिटावरचा फोटो आला तो कोरियन युद्धातून. एव्हरेट स्वॉन्सन हे शिकागोचे धर्मोपदेशक 1952 मध्ये कोरियातल्या सैनिकांपुढे प्रवचनं द्यायला गेले होते. सोलच्या रस्त्यावर भल्या पहाटे माणसं चिंध्यांचे ढीग उचलून ट्रकमध्ये टाकताना त्यांना दिसली. जवळ गेल्यावर कळलं की ती रात्रीच्या थंडीत गोठून मेलेली अनाथ मुलं होती. परत येऊन त्यांनी निधी उभारायला सुरुवात केली आणि दोन वर्षांत ‘एक मूल, एक स्पॉन्सर’ ही पद्धत बसवली; त्यातूनच कंपॅशन उभी राहिली. त्याआधी चीनमध्ये बॉब पिअर्स या दुसऱ्या अमेरिकन धर्मोपदेशकांना एका मिशनरी शिक्षिकेने एक मुलगी हाती देऊन विचारलं होतं, हिचं तुम्ही काय करणार? त्यांच्या खिशात पाच डॉलर होते, ते त्यांनी दिले. 1950 मध्ये त्यांनी ‘वर्ल्ड व्हिजन’ ही अशीच संस्था काढली. पुढे कोरियाच सावरला. 1993 मध्ये कंपॅशनने तिथलं काम थांबवलं आणि 2003 पासून कोरियन माणसं इतर देशांतल्या मुलांचे स्पॉन्सर होऊ लागली.

आता शिलाई. ख्रिस्ती बायकांच्या शिवणकामाला बायबलचाच आधार आहे. प्रेषितांच्या कृत्यांच्या नवव्या अध्यायात यापो गावची टबीथा विधवांसाठी कपडे शिवते. तिच्या दुर्कस या दुसऱ्या नावाने चर्चमधली शिवणमंडळं निघाली. आजही हे शिवणं चालू आहे. मिशिगनमध्ये 2008 साली सुरू झालेल्या ‘लिटल ड्रेसेस फॉर आफ्रिका’ने उशीच्या अभ्र्याचा फ्रॉक घरोघरी पोचवला. तो शिवायला सोपा. अभ्र्याची बंद बाजू कापून टाकायची, वरच्या दोन्ही कोपऱ्यांत काखेसाठी वक्र काप घ्यायचे, त्यांना उरेब पट्टी लावायची, पुढे-मागे नेफा दुमडून नाडी ओवायची आणि खांद्यावर गाठ मारायची. अभ्र्याच्या उघड्या तोंडाची शिलाई तयारच असते, तोच फ्रॉकचा खालचा घेर. नवशिक्या मुलीलासुद्धा एका दुपारी जमावं असं काम. नोव्हेंबरात ‘ऑपरेशन ख्रिसमस चाइल्ड’ची बुटाच्या खोक्याएवढी भेटखोकी भरतात, त्यांतही घरी शिवलेल्या नाडीच्या पिशव्या आणि कापडी बाहुल्या जातात. खाऊ मात्र त्यांत चालत नाही.

आणि इथे गाडी अडते. आपण ज्या मुलाचे स्पॉन्सर आहोत, त्याला कंपॅशनमार्फत फ्रॉकही पाठवता येत नाही आणि कुकीजचा डबाही नाही. पार्सल घेतलंच जात नाही. शिवणाऱ्या बाईला पहिल्यांदा हे ऐकून फार वाईट वाटतं, आणि मला ते वाटणं अगदी खरं वाटतं. माप विचारून, कापड निवडून, काजं-बटणं करून आपल्या माणसाला काही द्यावं, यातला जीव वेगळाच असतो. तरीही नियम बरोबर आहे. परदेशी पार्सलवर जकात बसते, ती भरायची कुणी? वाटेत सामान गहाळ होतं. एका केंद्रात शेकड्यांनी मुलं असतात. एकीला झालरीचा फ्रॉक आला आणि शेजारच्या बाकावरचीला काहीच आलं नाही, तर केंद्राच्या ताईंनी तिला काय सांगावं? शिवाय त्या गावातही शिंपी असतो, त्याचंही पोट असतं. स्पॉन्सर कुटुंबासाठी वेगळी रक्कम पाठवू शकतो. केंद्राचे कार्यकर्ते घरच्यांबरोबर बसून काय घ्यायचं ते ठरवतात आणि खरेदी तिथल्याच बाजारात होते. छपराचे पत्रे, गादी, शेळ्या, कधी आईसाठी शिलाई मशीन. मग फोटो येतो. अमेरिकेत शिवलेल्या एका फ्रॉकपेक्षा तिकडच्या आईच्या पायाखाली फिरणारं पायडल मला कितीतरी मोलाचं वाटतं.

या सगळ्याचा उपयोग होतो का? एका चेहऱ्यावर पैसा उभा करण्याच्या पद्धतीवर कठोर टीका झाली आहे. 1998 मध्ये ‘शिकागो ट्रिब्यून’च्या पत्रकारांनी वेगवेगळ्या संस्थांमार्फत मुलं स्पॉन्सर केली आणि मग त्या मुलांचा प्रत्यक्ष शोध घेतला. काही मुलांना फारसं काही मिळालेलं नव्हतं. माली देशातली एक मुलगी तर केव्हाच मरण पावली होती आणि स्पॉन्सरला त्याचा पत्ता नव्हता. ती लेखमाला टेबलामागे बसणाऱ्या प्रत्येकाने वाचावी. दुसऱ्या बाजूला ब्रूस वायडिक, पॉल ग्लेव्ह आणि लेन रटलेज या अर्थतज्ज्ञांचा 2013 चा अभ्यास आहे. भारतासह सहा देशांतल्या 10,144 जणांची माहिती त्यांनी घेतली. कंपॅशनचा कार्यक्रम गावात आला तेव्हा बारा वर्षांपेक्षा मोठ्या मुलांना त्यात प्रवेश नव्हता. त्यामुळे त्याच घरातली जरा मोठी, वयामुळे राहून गेलेली भावंडं तुलनेला मिळाली. स्पॉन्सर मिळालेली मुलं सरासरी एक ते दीड वर्ष अधिक शिकली होती आणि माध्यमिक शिक्षण पुरं करण्याचं प्रमाणही त्यांच्यात बरंच जास्त होतं. पुढे जकार्तामधल्या मुलांनी काढलेली स्वतःची चित्रं तपासली, तेव्हा स्पॉन्सर असलेल्या मुलांच्या चित्रांत आशेच्या आणि आत्मविश्वासाच्या खुणा अधिक आढळल्या. शाळेची फी भरून एवढं होत नाही. कुणीतरी आपल्याकडून काही अपेक्षा ठेवून आहे, ही जाणीव तिथे काम करते, असं मला वाटतं.

भारतातल्या मुलांसाठी ही वाट 2017 च्या मार्चमध्ये बंद झाली. परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली केंद्र सरकारने आदल्या वर्षी कंपॅशनला पूर्वपरवानगीची अट घातली होती. निधी धर्मांतराकडे वळतो, असा सरकारचा आक्षेप होता आणि संस्थेने तो नाकारला. धर्मशिक्षण त्या केंद्रांत होतंच, ते संस्था लपवत नाही. मूल गरीब असताना मदत आणि धर्म एका ताटात वाढावेत का, हा प्रश्न रास्त आहे. शारदा सदन पुण्यात हलल्यावर रमाबाईंनाही तो झेलावा लागला. पण सुमारे 1 लाख 45 हजार मुलांचं केंद्रातलं जेवण आणि शिकवणी थांबली, हेही तितकंच खरं. स्पॉन्सर आणि मूल यांच्यात पत्ता, फोन, समाजमाध्यमांवरची ओळख यांची देवाणघेवाण मुलांच्या सुरक्षिततेसाठी मुळातच वर्ज्य असते. त्यामुळे वर्षानुवर्षांचं जे काही नातं होतं, ते बहुतेक पत्रांपुरतंच होतं. ज्यांनी कधी पत्रच लिहिलं नव्हतं, त्यांच्याकडे बँकेच्या नोंदींखेरीज काही उरलं नाही.

आणि पत्र न लिहिणारे स्पॉन्सर पुष्कळ असतात. म्हणून कंपॅशनमध्ये पैसे न देता फक्त पत्रं लिहिणाऱ्यांचीही सोय आहे. ज्या मुलाचा खर्च दुसरं कुणी उचलतं पण लिहायला त्याला सवड नसते, त्या मुलाला पत्रं लिहायची. मूल वर्षातून दोन-तीनदा आपल्या भाषेत लिहितं. केंद्रात ते पाहिलं जातं, भाषांतर होतं आणि मग ते निघतं. प्रवासात आठवडे जातात, कधी महिने. उत्तर त्याच वाटेने उलटं येतं. मुलं विचारतात, तुमच्याकडे बर्फ पडतो का, तुम्ही काय जेवता, तुमच्या घरी गाय आहे का. अनुभवी बाया नव्यांना इथे एकच सांगतात, की घरातलं लिहा. मोठ्या घराचं, गाडीचं, सहलीचं वर्णन नको. पहिल्यांदा ब्रेड केला तेव्हा तो फुगला नाही, मग यीस्टला कोमट पाणी लागतं हे कळलं, तेवढं लिहा. गोधडीत लहानपणीच्या कोणत्या कपड्याचा तुकडा जोडला ते लिहा. तुझी आई भाकरी कशावर भाजते, कपडे कोण शिवतं, असं विचारा. मागच्या पत्रातल्या त्याच्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर द्या. फ्रॉक जात नसला तरी गोधडीचा फोटो कागदावर जातो, आणि त्या फोटोतल्या चौकोनांत कापडं किती रंगांची आहेत हे मोजून मूल पुढच्या पत्रात कळवू शकतं.