फाटकाशी थबकलेल्या मुली

ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना येथे, १९९० च्या दशकात, सार्वजनिक उद्यानांची पाहणी चालली असता असे आढळून आले की, नऊ-दहा वर्षांच्या वयापर्यंत मुलगे आणि मुली सारख्याच हौसेने बागेत येतात, परंतु त्यानंतर मुलगे येतच राहतात आणि मुली मात्र हळूहळू दिसेनाशा होतात. मुलींची खेळाची आवडच सरते, असा शेरा मारून हे प्रकरण दप्तरी दाखल करता आले असते. तेथील अधिकाऱ्यांनी ते केले नाही, याचे मला मनापासून कौतुक वाटते.

कारणाचा शोध घेता घेता त्यांची दृष्टी जाळीने वेढलेल्या मैदानांच्या एकुलत्या एक दरवाजावर येऊन ठरली. तेथे मुलांचा घोळका उभा असला, म्हणजे त्यातून अंग चोरून आत शिरावयाचे, आणि आत गेल्यावर बाहेर पडण्यास दुसरी वाट नाही, या जाणिवेचा भार केवढा असतो, हे अशा नजरांमधून एकदा तरी गेलेल्या स्त्रीला निराळे सांगावयास नको. १९९९ साली मार्गारेटेन विभागातील दोन उद्यानांची फेररचना झाली : दरवाजे रुंद झाले, पायवाटा वाढल्या, व्हॉलीबॉल व बॅडमिंटनसाठी जागा राखली गेली, आणि विस्तीर्ण मोकळे मैदान लहान लहान भागांत विभागले गेले. मुली परतल्या, मुलांनाही कोणी हुसकून लावले नाही.

आपल्याकडे मात्र सुरक्षितता म्हटली, की उंच भिंत, चौकीदार आणि तिन्हीसांजेला कुलूप एवढाच बंदोबस्त सुचतो. वस्तुतः भिंतीआड काय चालले आहे हे रस्त्यावरच्या माणसाला दिसत नसेल, तर ती भिंत रक्षण करते ते त्रास देणाऱ्याचेच. दादरचे शिवाजी पार्क पाहावे. १९२५ साली खुल्या झालेल्या आणि १९२७ मध्ये नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने आजचे नाव मिळालेल्या या मैदानाची वेस म्हणजे एक बैठा कट्टा. त्यावर टेकलेल्या आजीबाईंना आतले क्रिकेट दिसते आणि पाठीमागचा रस्ताही ऐकू येतो. फेऱ्या घालणाऱ्या बायका, चणेवाला, क्लासहून परतणाऱ्या मुली, या सगळ्यांचे एकमेकांकडे आपसूक लक्ष असते.

शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईतील स्त्रियांविषयीच्या ‘व्हाय लॉइटर?’ या २०११ च्या ग्रंथात जे मांडले, ते मला फार मोलाचे वाटते : बाहेर थांबलेल्या बाईला नेहमी काहीतरी कामाची सबब दाखवावी लागते, विनाकारण रेंगाळण्याचा हक्क तिला नाही. आणि रेंगाळावे कसे, जेथे बागेतल्या स्वच्छतागृहाला कुलूप असते म्हणून ती घरून निघतानाच पाणी पिण्याचे टाळते? नव्या उद्यानाचा नकाशा मंजूर करणाऱ्यांनी प्रथम त्या कुलपाची किल्ली कोणाकडे आहे, ते विचारावे. कारंज्याचा विचार मागाहून करता येईल.